ऑनलाइन शिक्षण पटत नाही? आधी आपला स्वभाव समजून घ्या

कोर्स एकच, व्हिडिओ तेच, प्राध्यापकही तेच. तरी एक विद्यार्थी समाधानी असतो आणि दुसरा तिसऱ्या आठवड्यातच वैतागतो. शिकवण्याचा दर्जा आणि इंटरनेटचा वेग यांचा परिणाम होतोच, पण स्वभावाचाही त्यात वाटा असतो. म्हणून ‘ऑनलाइन मला जमत नाही’ असा निकाल देण्याआधी आपल्याला नेमके काय खटकते ते शोधावे. बऱ्याचदा संपूर्ण पद्धत खटकत नसते, तिच्यातली एखादीच गोष्ट खटकत असते आणि ती बदलता येते.

१. स्वभावाचा अंदाज घ्या

मानसशास्त्रात ‘बिग फाइव्ह’ नावाची मांडणी सर्वाधिक वापरली जाते. तिच्यात नव्या अनुभवांबद्दलची ओढ, शिस्त व जबाबदारीची जाणीव, बहिर्मुखता, इतरांशी जुळवून घेण्याची वृत्ती आणि चिंतेकडे कल असे पाच गुण येतात. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेली दहा प्रश्नांची छोटी चाचणी अगदी ढोबळ अंदाज देते. २०१७ ची साठ प्रश्नांची ‘बीएफआय-२’ अधिक बारकाईने सांगते. निकालाकडे शिक्का म्हणून पाहू नका. हे गुण कमी-जास्त प्रमाणात सगळ्यांतच असतात आणि बहुतेक माणसे मध्यावर कुठेतरी असतात.

२. आठवडाभर तक्रारी लिहा

‘कंटाळा आला’ एवढे लिहून भागणार नाही. ‘प्रश्न विचारला, दोन दिवस उत्तर आले नाही’ किंवा ‘कॅमेरा सुरू करायला सांगितला की छातीत धडधडते’ असे नेमके लिहा. मग कोणती तक्रार आपल्या कोणत्या गुणाशी जोडलेली आहे ते पाहा.

३. शिस्तीकडे सर्वात जास्त लक्ष द्या

माझ्या मते हाच कळीचा गुण आहे. मानसशास्त्रज्ञ आर्थर पोरोपाट यांनी २००९ मध्ये अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र तपासले. शाळेतली कामगिरी हिशेबात धरल्यावरही विद्यापीठातल्या यशाचा अंदाज बांधायला ही जबाबदारीची जाणीव बुद्धिमत्तेइतकीच उपयोगी पडते, असे त्यांना आढळले. वर्गात वेळापत्रक, हजेरी आणि शेजारी बसलेले मित्र आपल्याला कामाला लावतात. रेकॉर्ड केलेल्या व्याख्यानात यातले काहीच नसते. व्याख्याने साचत जातात, अपराधी वाटू लागते आणि सगळा राग कोर्सवर निघतो.

शिस्त कमी असेल तर ‘उद्यापासून नियमित अभ्यास’ असा संकल्प करून फारसे काही होत नाही. त्याऐवजी ‘अमुक झाले की तमुक करायचे’ अशी योजना करा. उदाहरणार्थ, ‘रात्रीचे जेवण झाले की टेबलाशी बसून पुढच्या व्याख्यानाची पहिली दहा मिनिटे पाहायची.’ पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये अशा योजनांवरच्या ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. नुसत्या इराद्यापेक्षा अशा योजनेने उद्दिष्ट गाठण्याची शक्यता चांगलीच वाढते, असे त्यांत दिसले. वेळ, जागा आणि पहिली कृती आधीच ठरलेली असली की दर वेळी मनाशी झगडावे लागत नाही.

४. माणसांची गरज ओळखा

बहिर्मुख माणसांना ऑनलाइन शिक्षण कितपत रुचते याबाबत संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, त्यामुळे इथे स्वतःच्या नोंदींवर विश्वास ठेवा. बोलता बोलता विषय समजत असेल तर दोघा-तिघांचा गट करून आठवड्यातून एकदा कॉलवर एकमेकांना शिकवा. लिहून व्यक्त होणे सोपे जात असेल तर चर्चेच्या लेखी धाग्यात भाग घ्या. तिथे विचार करायला सवड मिळते.

५. चिंता वाढवणारी अनिश्चितता कमी करा

परीक्षेचे सॉफ्टवेअर आदल्या दिवशीच चालवून पाहा. गुण कशाला मिळणार हे प्राध्यापकांना लेखी विचारा. व्हिडिओ कॉलवर स्वतःचा चेहरा दिसणारी चौकट लपवा. सतत स्वतःला पाहत राहणे हे व्हिडिओ कॉलच्या थकव्याचे एक संभाव्य कारण असल्याचे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संशोधक जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये मांडले आहे. चिंता झोपेवर किंवा जेवणावर परिणाम करू लागली तर मात्र विद्यापीठातल्या समुपदेशकाला भेटा.

६. समाधान आणि शिकणे वेगवेगळे तपासा

हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, स्वतः प्रश्न सोडवत शिकलेले विद्यार्थी प्रत्यक्षात जास्त शिकले होते, पण आपण कमी शिकलो असे त्यांना वाटत होते. मेंदूला कष्ट पडले की असमाधान वाटू शकते. म्हणून व्हिडिओ बंद करून आठवेल तेवढे कागदावर उतरवा. बरेच आठवत असेल आणि तरी नाराजी असेल, तर कोर्स बदलण्याची घाई करू नका. काहीच आठवत नसेल, तर व्हिडिओ कितीही आवडला तरी पद्धत बदला.

बदल एका वेळी एकच करा आणि दोन आठवडे टिकवा, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. एवढे करूनही मन रमत नसेल, तर पुढच्या सत्रात तो विषय प्रत्यक्ष वर्गात किंवा मिश्र पद्धतीने शिकता येईल का ते विचारा. अभिप्रायाच्या फॉर्ममध्ये ‘ठीक नाही’ एवढेच न लिहिता आपल्या नोंदवहीतली नेमकी तक्रार लिहा. तिच्यावर प्राध्यापकांना काहीतरी करता येते.