राखणीचं की धावणीचं? ग्वाल्हेरकडच्या शेतासाठी कुत्रं निवडताना

घर ग्वाल्हेरच्या लष्कर किंवा मुरार भागात आणि शेती डबरा, भितरवार, घाटीगावकडे, अशी स्थिती असली की रब्बीच्या पेरण्या उरकल्यावर एक विचारणा हमखास होते: राखणही करील आणि शिकारही करील असं कुत्रं कुठलं घ्यावं?

आधी 'शिकार' या शब्दाचा निकाल लावू. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे. कायद्याच्या व्याख्येत मारण्याबरोबरच फासा लावणं, आमिष टाकणं, हाकारा करणं हेही येतं, म्हणजे कुत्रं सोडून ससा धरला तरी ती शिकारच. तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मोर, बिबट्या, काळवीट अशा पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी तीन ते सात वर्षं. नीलगायीने किंवा डुकराने पीक खाल्लं तर अर्ज तहसीलमध्ये करायचा, कुत्र्याकडून हिशेब चुकता करायचा नाही. मग शिकारी जातीचा उपयोग काय? बराच आहे. उंदीर-घुशी मारणं, अंधारात हालचाल टिपणं, आणि कळप बांधापाशी दिसताच त्याला शेतात शिरू न देणं. बांधापलीकडे मात्र एक पाऊलही पाठलाग नको.

आता काम. हरभरा, मोहरी आणि गव्हात रात्री नीलगायी येतात. डबऱ्याकडे भातात आणि बटाट्यात डुकरं. गहू पोटरीला आला की उंदीर. आणि वर्षभर माणूस येतो तो ट्यूबवेलची केबल कापायला. ही चार कामं एकाच स्वभावाची नाहीत, आणि निवड चुकते ती इथेच. नजरेवर धावणारी लांब पायांची कुत्री, म्हणजे कारवान, मुधोळ, रामपूर, ही बहुधा आवाज न करता धावतात. भुंकून मालकाला उठवणं त्यांच्या रक्तात फारसं नाही. उलट गावठी कुत्रं पान हललं तरी भुंकतं, पण नीलगाय वळली नाही तर पन्नास पावलांवर थांबून तिथूनच भुंकत बसतं. म्हणून 'दोन्ही कामांचं एक कुत्रं' याचं खरं उत्तर बहुतेक शेतांवर 'दोन कुत्री' असं येतं: एक भुंकणारं, एक धावणारं. भुंकणारं उठवतं, धावणारं उठून सुटतं. दोघांचा खर्च झेपत नसेल तर मात्र पुढचा भाग नीट वाचा.

जाती, इथल्या उन्हात आणि थंडीत

ग्वाल्हेरला मे-जूनमध्ये पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि जानेवारीत पहाटे तो तीन-चारवर येतो. बखरवाल, गद्दी, हिमालयी धनगरी कुत्री ही दाट लोकरीची. त्यांना इथे आणणं हा छळ आहे. जर्मन शेफर्ड, रॉटवायलर ही बंगल्याच्या फाटकाला ठीक. उघड्या शेतावर उन्हाचे चार महिने ती सावलीतून उठत नाहीत, शिवाय खुब्याच्या सांध्याचं दुखणं त्यांच्या वंशात आहे. लॅब्राडोर पाण्यात पडलेला पक्षी आणून देण्यासाठी घडवलेला आहे, तो चोराचंही प्रेमाने स्वागत करतो.

कारवान आणि मुधोळ यांच्यात नावाचा फरक आहे, कुत्र्याचा फारसा नाही. लातूर, सोलापूरकडे जे कारवान, तेच मुधोळच्या घोरपडे संस्थानामुळे मुधोळ हाउंड. कानाला आणि शेपटीला रेशमी झालर असलेलं ते पश्मी. उंची खांद्याशी साधारण ६५ ते ७२ सेंटीमीटर, वजन २० ते २८ किलो, अंगावर चरबी नाही, केस आखूड. ऊन सोसतं. थंडी सोसत नाही, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत रात्री अंगावर झूल आणि खाली तागाचं पोतं लागतंच. कातडी पातळ, म्हणून तारेने आणि बाभळीच्या काट्याने चिरते. टाके घालायची वेळ आली तर डॉक्टरांना आधीच सांगा की हे हाउंड, म्हणजे नजरेवर धावणाऱ्या जातीचं, आहे: थायोपेंटोनसारखी भूल या जातींच्या अंगातून उतरायला फार वेळ घेते. अनोळखी माणसाने हात लावलेला त्यांना खपत नाही, आणि मारून तर ती कधीच शिकत नाहीत. एकदा काठी उगारली की महिनाभर जवळ येत नाहीत.

रामपूर आपल्याला भौगोलिकदृष्ट्या जवळचं. नवाबांनी अफगाणी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांच्या संकरातून कोल्ह्याच्या शिकारीसाठी काढलेली ही जात. शुद्ध मिळणं मुश्कील. बाजारात त्या नावाने बहुधा ग्रेहाउंडची मिसळ विकली जाते.

राजापालयम आणि कोंबाई ही तमिळनाडूची, डुकरावर जाणारी. एकच कुत्रं ठेवायचं आणि त्याने राखणही करायची असेल तर ही दोन विचारात घ्या. राखण त्यांच्यात हाउंडपेक्षा जास्त आहे. कोंबाई तांबूस, काळ्या तोंडाचं, बुटकं, घट्ट बांध्याचं. घरच्या माणसाशी मऊ, परक्याशी अजिबात नाही, तेव्हा बटाईदाराची (वाटेकऱ्याची) मुलं शेतावर खेळत असतील तर दोनदा विचार करा. राजापालयम पांढरंशुभ्र, गुलाबी नाकाचं. त्याच्या रंगाबरोबरच काही पिल्लांत बहिरेपण येतं, आणि गुलाबी नाक-पापण्या आपल्या उन्हात भाजतात. सावलीची सोय नसलेल्या शेतावर ते नको.

आमचं मत विचाराल तर ग्वाल्हेरकडच्या सामान्य शेताला सर्वांत उपयोगी कारवान मादी आणि चांगलं भुंकणारा गावठी नर यांचं पिल्लू. वीस-बावीस किलोचं होतं, कातडी जराशी जाड, आवाज बापाचा, पाय आईचे. त्याला केनेल क्लबचा कागद मिळत नाही. शेतावर तो कुणी विचारतही नाही.

नर की मादी? मादी शेताला चिकटून राहते. गावात कुठेही मादी माजावर आली की नर तीन-तीन दिवस गायब होतो आणि फाटून परततो. दोन कुत्री ठेवणार असाल तर नर-मादी ठेवा, कारण दोन माद्यांची भांडणं जन्मभर मिटत नाहीत. मात्र मादीचं ऑपरेशन करून घ्या, नाहीतर वर्षात दोनदा माज आणि मागोमाग वेत. लांब पायांच्या जातीत हे ऑपरेशन हाडं पुरी झाल्यावर, १२ ते १५ महिन्यांनी.

पिल्लू हातात घेतल्यावर

आठ आठवडे पुरे होण्याआधी पिल्लू उचलू नका. आईजवळ ते दात किती जोरात लावायचे हे शिकतं. पस्तीस दिवसांत उचललेलं पिल्लू पुढे शेळीच्या कानाचा लचका काढतं तेव्हा दोष त्याचा नसतो.

आई बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. मुधोळचे कान लोंबते आणि कवटीला चिकटलेले असतात. आईचे कान गुलाबाच्या पाकळीसारखे मागे दुमडलेले असतील तर त्यात ग्रेहाउंड आहे. आई तुम्हाला बघून कोपऱ्यात थरथरत असेल तर तिथूनच परत फिरा. बुजरेपणा पिल्लात उतरतो, आणि बुजरं कुत्रं फटाक्याला पळून हायवेवर मरतं.

मग पिल्लू एकटं, वेगळ्या जागी. मातीत ठेवा आणि दोन मिनिटं काही करू नका. जे वास घेत फिरू लागतं ते चांगलं. जे ठेवलं तिथेच मुततं आणि हलत नाही ते शेतासाठी नको. त्याच्या पाठीमागून, दिसणार नाही असं उभं राहून, दोन मीटरवर स्टीलचं ताट जमिनीवर टाका. दचकणं ठीक आहे, दचकलंच पाहिजे. दहा-पंधरा सेकंदांत वळून ताटाकडे वास घ्यायला आलं तर ते पिल्लू ठेवा. अजिबात दचकलं नाही तर बहिरं असण्याची शक्यता. राजापालयममध्ये ही परीक्षा प्रत्येक पिल्लाची, एकेकाची घ्यायची. घोळक्यात बहिरं पिल्लू भावंडांचं बघून वळतं आणि फसवतं.

दोरीला चिंधी बांधून जमिनीवरून ओढा. धावणाऱ्या रक्ताचं पिल्लू मान ताणून मागे लागतं. चिंधी धरल्यावर सोडत नाही की लगेच विसरतं, तेही बघा. फार न सोडणारं पिल्लू पुढे कोंबड्यांना जड जातं.

अंगाची तपासणी: वरचे दात खालच्यांच्या लगेच पुढे, कात्रीसारखे. पावलाची बोटं मुठीसारखी घट्ट; फाकलेली बोटं नांगरलेल्या शेतात टिकत नाहीत. हिरड्या गुलाबी. फिकट पांढऱ्या असतील तर जंत किंवा गोचिडांनी रक्त खाल्लेलं आहे. बेंबीशी मऊ गाठ म्हणजे हर्निया. पोट जेवणाआधीही नगाऱ्यासारखं असेल तर जंत.

पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, मग सोळा आठवड्यांपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी. रेबीज तिसऱ्या महिन्यात, पुढे डॉक्टर सांगतील तसं. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या रोगाची) लस टाळू नका: शेतातलं कुत्रं उंदराच्या मुतातून चालतं.

शेळ्या आणि मोर

शिकारी रक्त घरी आणलं की धोका पहिला घरच्या जनावरांना. आठव्या ते सोळाव्या आठवड्यात पिल्लू रोज गोठ्यात गेलं पाहिजे, दोरीवर, शेळ्या चारा खात असताना. व्यालेली शेळी डोक्याने ढकलते, ती ढकल पिल्लाला एकदा खाऊ द्या. कोंबड्या जाळीपलीकडे ठेवून पिल्लाने नजर वळवली की त्याच क्षणी घास द्यायचा. नजर वळवण्याची सवय लागेपर्यंत दोरी काढायची नाही, आणि हाउंडच्या बाबतीत हे वर्षभर चालतं.

मोर हा वेगळाच ताप. आपल्याकडे ते शेतात गाईंसारखे फिरतात. दहा मीटर दोरीवर, मोर दिसत असताना 'ये' म्हणून बोलावलेलं कुत्रं दहा वेळांतून नऊ वेळा परत यायला लागलं, तरच मोकळं सोडायचं. धावणाऱ्या जातीची नजर एकदा लागली की कान बंद होतात. हाक मारायची ती सुटण्याआधी, सुटल्यावर नाही. त्याच दोरीवर रोज बांधावरून फेरी मारा आणि बांधावर पोचताच मागे वळा. सहा आठवड्यांत हद्द पायात बसते. नीलगायीचा नर दोनशे किलोंच्या वर असतो, त्याची लाथ बसली तर बरगड्या जातात. हद्दीवर थांबणं हे कुत्र्याच्याही जिवासाठी आहे.

घाटीगाव, शिवपुरीच्या बाजूला बिबट्याचा वावर असेल तर रात्री साखळीला बांधलेलं कुत्रं म्हणजे आमिष. गळ्यात खिळ्यांचा रुंद पट्टा आणि झोपायला बाहेरून बंद होणारी, मजबूत छपराची खोली.

खाणं, ऊन, विष

नुसत्या पोळ्या आणि ताकावर हाउंडची मांडी भरत नाही. पंचवीस किलोच्या काम करणाऱ्या कुत्र्याला दिवसाला अंदाजे २५० ग्रॅम दलिया (कोरडा), ३०० ग्रॅम उकडलेली कोंबडी, आणि वाटीभर दही. मांस नको असेल तर चार अंडी आणि सोयाबीनच्या वड्या. शिजवलेली हाडं, कांदा, लसूण, मनुका बंद. हे दोन वेळांत विभागून, आणि खाल्ल्यावर तासभर धावणी नाही: खोल छातीच्या कुत्र्याचं पोट पीळ पडून फुगतं आणि काही तासांत मरण येतं.

एप्रिलपासून धावणी सकाळी सातच्या आत. धाप थांबत नाही, लाळ घट्ट, हिरड्या लालभडक, चाल डुलणारी, असं दिसलं की सावलीत आणून पोटावर, जांघांत आणि पावलांवर साधं पाणी ओता, वारा घाला.  नंतर डॉक्टर, थोडं बरं वाटलं तरी.

आणि विष. गव्हात उंदरांसाठी झिंक फॉस्फाईड किंवा ब्रोमाडिओलोन टाकलं असेल, तुमच्या शेतात किंवा शेजाऱ्याच्या, तर विष आणि मेलेले उंदीर शेतात असेपर्यंत कुत्रं बांधून ठेवा. मेलेला उंदीर खाऊन तेही जातं. झिंक फॉस्फाईड पोटातल्या आम्लात विषारी वायू सोडतं, म्हणून अशा वेळी कुत्र्याला खायला घालू नका, आणि ते ओकलं तर त्या वासावर वाकू नका, दारं-खिडक्या उघडा. ब्रोमाडिओलोनने रक्त गोठत नाही. चार-पाच दिवसांनी हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येतं आणि उपाय व्हिटॅमिन के-१ चा, तोही काही आठवडे. डॉक्टरकडे निघताना विषाची रिकामी पुडी खिशात टाका. नाकातून रक्त गोचिडांच्या तापातही येतं, आणि पुडी नसेल तर पहिला दिवस दोन्हींपैकी काय ते ओळखण्यात जातो.