गिटारला हार्ड केस घेताय? या चुका टाळा

दुकानात हार्ड केस, म्हणजे गिटारची कडक पेटी, मागितली की समोरून पहिला प्रश्न येतो, "किती इंची गिटार आहे?" आपण म्हणतो एक्केचाळीस. मग एक्केचाळीस इंची केस बाहेर येते, पैसे दिले जातात, आणि घरी आल्यावर कळतं की गिटार आत डुगडुगते किंवा झाकणच लागत नाही. गिटारची लांबी हे केस निवडताना सगळ्यात कमी उपयोगाचं माप आहे. ड्रेडनॉट (रुंद पोटाची नेहमीची अकौस्टिक गिटार) ४१ इंचांची असते, कित्येक ऑडिटोरियम (बारीक कंबरेच्या) आणि कटवेही (मानेजवळ खाच असलेल्या) तेवढ्याच असतात, जम्बो (सगळ्यात मोठ्या पोटाची) जेमतेम इंचभर लांब. फरक असतो तो पोटात.

ठरलेल्या मापाच्या ड्रेडनॉटचा खालचा फुगवटा साडेपंधरा इंचांहून किंचित जास्त, म्हणजे ३९७ मिलिमीटरच्या आसपास भरतो. जम्बोचा तोच फुगवटा १७ इंचांपर्यंत जातो. नायलॉनच्या तारांची क्लासिकल गिटार साडेचौदा इंचांच्या आसपास थांबते आणि तिचं पोटही उथळ, साधारण चार इंच. ड्रेडनॉट मागच्या टोकाला पावणेपाच-पाच इंच खोल असते. जम्बोच्या केसमध्ये ड्रेडनॉट ठेवली तर ती दोन्ही बाजूंना आपटत राहणार. ड्रेडनॉटच्या केसमध्ये क्लासिकल ठेवली तर तेच. सोलापुरातल्या दुकानांत कव्हर आणि गिग बॅग (मऊ गादीची पिशवी) सहज मिळतात, हार्ड केसचे चार प्रकार समोर मांडून दाखवतील असं नाही. म्हणून बरेच जण ऑनलाइन मागवतात. एवढं मोठं खोकं परत पाठवणं ही डोकेदुखी असते, तेव्हा माप आधी घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे गिटार सोबत घेऊन सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुणं गाठायचं, दोन-तीन दुकानांत प्रत्यक्ष ठेवून बघायचं आणि संध्याकाळच्या गाडीने परत यायचं. केसची किंमत पाहता तिकीट महाग पडत नाही.

माप चुकतं ते टेपमुळे

शिंप्याची टेप गिटारच्या फुगवट्यावरून वळवत नेली तर माप जास्त येतं. आपल्याला वळणाची लांबी नको, सरळ रुंदी हवी. गिटार गादीवर उताणी ठेवा, खालच्या फुगवट्याच्या दोन्ही बाजूंना एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा. असंच कंबरेपाशी आणि वरच्या फुगवट्यापाशी करा. नंतर बॉडीची लांबी, आणि खोली दोन ठिकाणी: मागच्या टोकाला आणि नेक (मान) जिथे बॉडीला मिळते तिथे. एकूण लांबी मोजताना पट्टा अडकवायची मागची खुंटी धरायला विसरू नका. पिकअप (आवाज अॅम्पला पोचवणारा भाग) बसवलेल्या गिटारला तिथे वायर जोडायचा जॅक असतो, तो चांगला अर्धा इंच बाहेर येतो, आणि केसच्या तळाशी त्याच्यासाठी खाच नसेल तर अख्खी गिटार त्या जॅकवर रेटली जाते. बारा तारांची गिटार असेल तर हेडस्टॉकचंही (तारा पिळायच्या खुंट्या असलेल्या टोकाचंही) माप घ्या, कारण तो सहा तारांच्या गिटारपेक्षा बराच लांब असतो आणि साध्या केसमध्ये त्याचं टोक भिंतीला टेकतं.

आता ही मापं केसच्या कुठल्या मापाशी ताडायची? विक्रीच्या पानावर अनेकदा बाहेरचं माप दिलेलं असतं. प्लायवूड, फोम आणि आतलं मखमली अस्तर मिळून दीड-दोन इंच सहज खातात. विक्रेत्याला आतलं माप विचारा, तिन्ही रुंद्या मागा. नुसतं "ड्रेडनॉटला बसते" असं उत्तर आलं तर घेऊ नका. रुंदीत एकूण पाव इंच मोकळीक पुष्कळ झाली. अर्ध्या इंचापुढे गेलं की गिटार आत हिंडायला लागते. कटवे गिटार बिनकटवेच्या केसमध्ये ठेवायला हरकत नाही, खाच रिकामी राहते एवढंच.

इलेक्ट्रिकवाल्यांसाठी थोडक्यात: स्ट्रॅट किंवा टेली चौकोनी केसमध्ये निवांत बसते. गिब्सनच्या लेस पॉलला तिच्या आकाराची केस घ्या, का ते पुढे येतंच आहे. फ्लाइंग व्ही किंवा एक्सप्लोररवाल्यांना स्वतःच्या आकाराच्या पेटीशिवाय गत्यंतर नाही.

नेक टेकली पाहिजे, हेडस्टॉक नाही

केसमुळे गिटार वाचते असं आपण धरून चालतो. पण पेटीला ओरखडाही नाही आणि आतल्या गिटारचा हेडस्टॉक तुटलेला, हे दृश्य दुरुस्ती करणाऱ्यांना नवीन नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. हलक्या गेजच्या, म्हणजे बारीक, स्टीलच्या सहा तारा मिळून सुरात असताना सत्तर किलोंहून जास्त ताण देतात. हा सगळा ताण नट (नेकच्या टोकाला तारा टेकतात ती पट्टी) ओलांडून हेडस्टॉकवर जातो. बऱ्याच गिटारचा हेडस्टॉक मागे झुकलेला असतो, गिब्सनच्या लेस पॉलसारख्या बऱ्याच गिटारमध्ये १७ अंशांनी. तिथे नेक आधीच बारीक, लाकडाचे धागे तिरके कापले गेलेले, आणि त्यात ट्रस रॉडसाठी (नेकमधल्या सळईसाठी) खोबण कोरलेली. पेटी पाठीवर पडली की बॉडी पेटीबरोबर थांबते, पण सहा खुंट्यांचं वजन घेतलेला हेडस्टॉक पुढे जायला बघतो. तो त्याच क्षणी तळाला आपटला तर नटच्या मागे तडा जातो.

म्हणून चांगल्या केसमध्ये नेकला नटच्या अलीकडे, बॉडीच्या बाजूला, मऊ आधार असतो आणि हेडस्टॉक अधांतरी असतो. मागे, खाली, टोकाला, कुठेच तो टेकत नाही. पेटी बंद असताना हे दिसत नाही, पण तपासता येतं. कणकेचे दोन गोळे घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा, एक हेडस्टॉकच्या पाठीमागे आणि एक टोकाशी ठेवा. गिटार ठेवून झाकण लावा, पाच मिनिटांनी उघडा. गोळा सेंटिमीटरभर जाड राहिला असेल तर ठीक. पापडासारखा चपटा झाला असेल तर ती केस तुमच्या गिटारची नाही. कणीक गव्हाचीच घ्या. आपल्याकडे घरात ज्वारीचं पीठ आधी हाताला लागतं, पण त्याच्या गोळ्याला चिरा पडतात आणि माप कळत नाही.

याउलट नेकच्या आधारावर कागदाची पट्टी ठेवून गिटार ठेवली तर पट्टी ओढताना अडकली पाहिजे. सहज निघून आली तर नेक हवेत आहे. आणि आधार प्रमाणाबाहेर उंच असेल तर बॉडीच तळावरून उचलली जाते, मग झाकणाचा फोम ब्रिजवर (बॉडीवर तारा जिथे टेकतात त्या भागावर) दाब देतो. झाकण लावायला गुडघा टेकावा लागत असेल तर पट्टा, कॅपो (नेकला लावायचा चिमटा) असं काही मध्ये आलंय का ते बघा. काहीच नसेल तर जबरदस्ती करू नका. आर्चटॉपचा (फुगीर छातीच्या गिटारचा) ब्रिज उंच असतो, तिला फुगीर झाकणाचीच केस लागते.

आत हलते म्हणून काहीतरी कोंबणे

केस थोडी सैल निघाली आणि परत करणं शक्य नाही, तर भर घालता येते. इथे सोलापूरकर नशीबवान. आपल्या टेरी टॉवेलसारखी भर शोधून सापडणार नाही: सुती, मऊ, रंगाला न चिकटणारी. हात पुसायचा छोटा टॉवेल घडी करून कंबरेच्या दोन्ही बाजूंना आणि खालच्या टोकाला बसवा, एक पातळ घडी नेकखाली. चादर मात्र नको. सोलापुरी चादरीची घडी एवढी जाड होते की बॉडी वर उचलली जाते आणि झाकण छातीवर बसतं.

सगळ्यात मोठी चूक इथे होते. हेडस्टॉक नाजूक, म्हणून माणसं सगळी भर त्याच्याच खाली घालतात. म्हणजे जो भाग हवेत हवा, तोच टेकवून ठेवतात. हेडस्टॉकखाली काहीही घालू नका. भर नेकखाली. मग झाकण लावून, कड्या अडकवून पेटी दोन्ही हातांनी हळू डावी-उजवी, पुढे-मागे हलवा. आतून 'ठप' असा आवाज यायला नको. आधी आतला छोटा कप्पा रिकामा करायला विसरू नका, नाहीतर तारांची पाकिटं आणि प्लेक्ट्रमचा खुळखुळाट ऐकून उगाच घाबराल.

फर्निचरचा कापलेला स्वस्त फोम, रबराचे तुकडे किंवा रेक्झिन गिटारला थेट लागेल असं ठेवू नका. नायट्रोसेल्युलोज लॅकर या पॉलिशवर रबर आणि व्हिनाइलचे कायमचे डाग पडतात. बाजारातल्या बहुतेक स्वस्त गिटारवर पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं, त्यांना धोका कमी, पण आपल्या गिटारवर काय आहे हे नक्की माहीत नसेल तर सुती कापडच बरं.

सुताराची पेटी

ओळखीच्या सुताराकडून प्लायची पेटी करून घ्यायची टूम अधूनमधून निघते. १२ मिलिमीटरच्या प्लायची पेटी उचलताना दोन माणसं लागतात, नेकचा आधार कुणी करत नाही, आणि आत चिकटवलेल्या स्पंजच्या गमचा वास महिनोन्‌महिने जात नाही. ते द्रावण उडून जाईपर्यंत गिटार त्यात बंद ठेवणं पॉलिशला चांगलं नाही. तयार प्लाय केस चार ते साडेपाच किलोंची असते, कडक फोमची दोन ते तीन किलोंची. घडवूनच घ्यायची असेल तर सतार-तंबोऱ्याच्या पेट्या करणाऱ्या माणसाला विचारा. त्याला वाद्याची मान कुठे टेकवायची हे शिकवावं लागत नाही.

ऊन, पत्रा आणि कोरडी हवा

सोलापूरच्या उन्हाळ्यात केस घेण्याचं खरं कारण धक्क्यांपेक्षा हवा हे आहे. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशी ओलांडतो आणि दुपारची आर्द्रता तीस टक्क्यांच्याही खाली जाते. गिटारला ४५ ते ५५ टक्के मानवते. हवा कोरडी झाली की लाकूड आक्रसतं. फ्रेटची (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची) टोकं नेकच्या कडेला बोटांना टोचायला लागतात, वरची फळी खचते, तारा खाली येऊन फ्रेटवर खरखरतात आणि शेवटी फळीला चीर जाते. फ्रेट टोचायला लागले की कानस हातात घेऊ नका, आधी ओलावा वाढवून आठवडाभर थांबा.

चांगली बसणारी हार्ड केस आतल्या हवेचा चढउतार मंद करते. थांबवत मात्र नाही. त्यामुळे नुसतं बंद करून ठेवलं म्हणजे काम झालं असं नाही. आत एक छोटा डिजिटल आर्द्रतामापक ठेवा. ओलाव्यासाठी तयार पाकिटं मिळतात, ती ओलावा सोडतातही आणि शोषतातही. घरगुती इलाज म्हणजे भोकं पाडलेली साबणाची डबी आणि तिच्यात घट्ट पिळलेला स्पंज, तीही फक्त कप्प्यात. स्पंजमधून थेंब पडत असेल तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त. कूलरच्या झोतासमोर गिटार उघडी ठेवणं हा तर सरळ छळ आहे: रात्रभर दमट, दिवसभर कोरडी, रोज हीच कसरत.

पेटी ठेवायची जागाही महत्त्वाची. पत्र्याच्या घरात माळ्यावर ठेवाल तर काळी पेटी दुपारभर तापेल. जुन्या माळवदाच्या घरात राहणाऱ्यांना ही काळजी कमी. उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत तर पाच मिनिटंही नको. बंद गाडीत तापमान साठ अंशांपुढे जातं, त्या उष्णतेत ब्रिजखालचा गोंद नरम पडतो आणि तारांच्या ताणाने ब्रिज मागच्या बाजूने उचलला जातो. कागदाचा तुकडा ब्रिजच्या मागच्या कडेखाली शिरतो का बघा. शिरत असेल तर तारा सैल करा आणि दुरुस्तीला द्या, फेविक्विक टाकू नका.

पावसाळ्यात उलटी तक्रार येते. अस्तराला कुबट वास, कधी पांढरी बुरशी. गिटार बाहेर काढून रिकामी पेटी कोवळ्या उन्हात उघडी ठेवा, अस्तर कोरड्या ब्रशने झटका, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका. कपाटातल्यासारख्या डांबरगोळ्या टाकू नका. त्यांच्या वाफेने काही प्लास्टिकं नरम पडतात.

दुचाकी असेल तर

सात रस्त्यावरून संध्याकाळी क्लासला जाणाऱ्या मुलांना माझा सल्ला वेगळा आहे. तुम्ही हार्ड केस घेऊच नका. मागे बसलेल्याने पाच किलोंची पेटी आडवी धरली की ती येणाऱ्या-जाणाऱ्याला लागते, उभी धरली की वारा ओढतो. जाड गादीची, दोन्ही खांद्यांना अडकवायची गिग बॅग किंवा पाठीवर घ्यायच्या पट्ट्यांची फोम केस घ्या. प्लायची पेटी रेल्वेसाठी, ट्रॅव्हल्सच्या डिकीसाठी आणि घरी ठेवण्यासाठी. ट्रॅव्हल्समध्ये क्लिनरकडे देताना पेटी सगळ्या सामानाच्या वर ठेवायला सांगा, आणि तो ठेवेपर्यंत तिथेच उभे राहा.

कड्या आणि मूठ

घेताना मूठ धरून पेटी जोरात हिसडा. मुठीचे रिव्हेट आतून वॉशरसह बसवलेले असावेत. नुसते प्लायमध्ये ठोकलेले असतील तर वर्षभरात निघतात. कड्या सगळ्या एका दमात, बोटाने लागल्या पाहिजेत. एखादी कडी लागत नसेल तर बहुधा बिजागरी वाकडी झालेली असते किंवा झाकण पिळलेलं असतं. पेटी सपाट फरशीवर ठेवून झाकणाचे चारही कोपरे खालच्या कडेला टेकतात का पाहा. नव्या पेटीत एक कोपरा उचललेला दिसला तर ती तिथल्या तिथे बदलून घ्या. जुन्या पेटीत बिजागरीचे स्क्रू कसून पाहा. कडीच वाकलेली असेल तर पकडीने सरळ करण्यापेक्षा नवी बसवा, सुटकेस दुरुस्त करणारे हे काम करतात.

आणि झाकण खाली केलं की कड्या त्याच वेळी लावा, गिटार पाच मिनिटांत परत काढायची असली तरी. घरातलं कुणीतरी जागा करायला म्हणून मूठ धरून पेटी उचलतं, झाकण सताड उघडतं आणि गिटार फरशीवर येते.