क्रॉस कंट्रीचा हंगाम आणि सहा-सात जणांचा संघ : तयारीची यादी

महाविद्यालय सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात करावयाचे पहिले काम म्हणजे धावणारी मुले शोधणे. लहान महाविद्यालयात क्रॉस कंट्रीसाठी, म्हणजे माळरान व शेतवाटांवरून धावण्याच्या लांब शर्यतीसाठी, जिमखान्यात आपण होऊन नाव नोंदवणारा विद्यार्थी क्वचितच असतो. सोलापुरात मात्र अशी मुले कोठे सापडतात हे ठरलेले आहे. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली पहाटे होम मैदानावर आणि पार्क स्टेडियमच्या आसपास पळत असतात, आणि त्यांतील दोन-चार जण आपल्याच महाविद्यालयाच्या हजेरीपटावर असतात. भरतीत मुलांना 1600 मीटर व मुलींना 800 मीटर पळावे लागते, आणि मुलांना पूर्ण गुण 5 मिनिटे 10 सेकंदांच्या आतच मिळतात. त्यामुळे वेग या मुलांकडे असतो, परंतु क्रॉस कंट्रीचे 10 किलोमीटर म्हणजे त्यांच्या रोजच्या शर्यतीच्या सव्वासहापट. ती सवय लावण्यास तीन महिने लागतात, म्हणून त्यांच्याशी बोलणे जूनमध्येच झाले पाहिजे. भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख आणि आपली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा एकाच आठवड्यात आली तर मुलगा भरतीला जाणार, आणि त्याने जावेच. संघाने हे गृहीत धरून राखीव धावपटू तयार ठेवावा.

यादीतील पुढचा मुद्दा गुणपद्धतीचा आहे. संघाचे सहा जण धावतात, त्यांतील पहिल्या चौघांचे क्रमांक मिळवले जातात आणि ज्या संघाची बेरीज सर्वांत कमी तो जिंकतो, ही प्रचलित पद्धत आहे. तरीही धावपटूंची संख्या आणि मुलींच्या शर्यतीचे अंतर या दोन गोष्टी विद्यापीठाच्या यंदाच्या परिपत्रकातून पडताळून घ्याव्यात. जागतिक स्पर्धेत 2017 पासून स्त्री-पुरुष दोघांसाठी 10 किलोमीटर अंतर आहे. समजा, आपले धावपटू 5, 9, 14 आणि 30 व्या क्रमांकावर आले, तर बेरीज 58 होते. दुसऱ्या संघाचा एकही धावपटू पहिल्या दहांत नाही, पण त्यांचे चौघे 12, 13, 15 आणि 16 व्या क्रमांकावर आहेत. त्यांची बेरीज 56, आणि करंडक त्यांचा. म्हणून या यादीतील बहुतेक सगळ्या सूचना चौथ्या धावपटूला डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. पहिला क्रमांक काढणारा मुलगा स्वतःची काळजी स्वतः घेतो. त्याच्याकडे बूट असतात, घड्याळ असते आणि घरचे विचारपूस करतात. चौथ्याला बहुधा यांपैकी काहीच नसते, आणि लहान संघात त्याच्या जागी उतरवायला फार तर पाचवा-सहावा असतो.

कागदपत्रे जुलैअखेर पूर्ण करावीत. पात्रता अर्ज, दहावीचे गुणपत्रक, चालू वर्षाच्या प्रवेशाची पावती, ओळखपत्र आणि छायाचित्रे प्रत्येकाच्या वेगळ्या पाकिटात ठेवावीत, आणि मधल्या वर्षी शिक्षण खंडित झाले असल्यास त्याचा उल्लेख अर्जात आधीच करावा. नावाचे इंग्रजी स्पेलिंग गुणपत्रकाशी अक्षरशः जुळवून पाहावे. एका वर्षी मी स्वतः भरलेल्या अर्जात एका मुलाच्या वडिलांच्या नावातील एक अक्षर गळले, आणि तो मुलगा सकाळी सातपासून अंगात जर्सी घालून मैदानाच्या कडेला बसून राहिला. त्या दिवसापासून अर्ज मी भरतो आणि मोठ्याने वाचतो मात्र तो ज्याचा आहे तो विद्यार्थी.

वैद्यकीय तपासणीत रक्तदाब, हृदयाचे ठोके आणि हिमोग्लोबिन एवढे तरी जूनमध्येच पाहावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार दर डेसिलिटर रक्तात स्त्रियांमध्ये 12 आणि पुरुषांमध्ये 13 ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन म्हणजे रक्तक्षय. तो भरून निघण्यास औषध सुरू केल्यावरही दोन-तीन महिने जातात, त्यामुळे सप्टेंबरमध्ये ‘मुलीला दम लागतो’ हे लक्षात येऊन काही उपयोग नसतो. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत आणि जेवणानंतर लगेच चहा पिऊ नये, कारण चहामुळे लोह अंगी लागत नाही. ही सूचना मुलांपेक्षा त्यांच्या घरी सांगण्यासारखी आहे. मुलींनी पाळीच्या तारखा आपल्या सराववहीत लिहाव्यात आणि त्याविषयी बोलण्यासाठी एक प्राध्यापिका संघासोबत हंगामभर नेमलेली असावी. केवळ प्रवासापुरती नेमणूक पुरत नाही.

सरावाचे वेळापत्रक आखताना विद्यापीठाच्या वेळापत्रकाइतकेच पंचांगही जवळ असावे. आषाढीच्या सुमारास पंढरपूर, माळशिरस, सांगोला भागांतून ये-जा करणारी मुले चार-पाच दिवस अडकतात, आणि ज्यांच्या घरी दिंडी उतरते त्यांच्याकडून त्या आठवड्यात सरावाची अपेक्षाच ठेवू नये. श्रावणात सोमवारी निम्मा संघ उपवासाला असतो. सोमवार विश्रांतीचा ठेवला की प्रश्न सुटतो. नवरात्र मात्र अवघड आहे. नऊ दिवसांचे उपवास, काहींचे अनवाणी राहणे, आणि त्यानंतर कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरपर्यंत सुमारे 45 किलोमीटर पायी जाणे, हे सारे नेमके स्पर्धेच्या दिवसांत येते. देवीला जाऊ नकोस असे कोणत्याही मुलाला सांगण्याचा मला अधिकार नाही आणि सांगितले तरी तो ऐकणार नाही. एका कोजागरीनंतर आमचा चौथा धावपटू दोन्ही टाचांना रुपयाएवढे फोड घेऊन सरावाला आला होता. पाय दुखतो का, असे विचारल्यावर तो नुसता हसला. आता कोणी चालत जाणार असेल तर त्याने आधी नाव सांगावे, रुळलेले बूट व कोरडे मोजे घालावेत आणि परत एसटीने यावे, एवढा करार आम्ही करतो. पुढचे पाच दिवस त्याला फक्त सैल धावणे द्यावे.

मैदानाची निवड हा या यादीतील सर्वांत मोठा भाग आहे, कारण क्रॉस कंट्री डांबरी रस्त्यावर शिकता येत नाही. आपल्याकडची काळी माती पावसात लोण्यासारखी होते आणि पाऊस ओसरला की बोट जाईल एवढ्या भेगा देऊन घट्ट होते. ऑगस्टमध्ये घोटा निसटतो, ऑक्टोबरमध्ये तोच घोटा मुरगळतो. दोन्ही अवस्थांत आठवड्यातून दोनदा शेतवाटेवर धावावे, मात्र उभ्या पिकातून नव्हे आणि शेतमालकाला विचारल्याशिवाय तर नव्हेच. पहिल्या दिवशी शिक्षकाने संपूर्ण वाट चालून पाहावी आणि काचा, तारा, विहिरीचे उघडे कठडे व मोकाट कुत्र्यांची ठिकाणे लिहून ठेवावीत. पावसाळ्यात गवत गुडघ्यापर्यंत आले की त्यात घोणस असू शकते, तेथे उजाडल्याशिवाय उतरू नये. नान्नजचे माळरान धावण्यासाठी कितीही मोहक दिसले तरी ते माळढोक पक्ष्याचे अभयारण्य आहे. सराव त्याच्या हद्दीबाहेरच करावा. चढाचा सराव ही सोलापूरची खरी अडचण आहे, कारण शहर सपाट आहे. उड्डाणपुलावर मुलांना पळवण्यापेक्षा तीस-चाळीस मीटरचा एखादा मुरमाड चढ शोधून त्यावर दहा-बारा फेऱ्या माराव्यात. संघ पुढच्या फेरीसाठी पात्र ठरला आणि सराव जानेवारीपर्यंत लांबला, तर सिद्धेश्वरांच्या गड्डा यात्रेमुळे होम मैदान मिळणार नाही, हे लक्षात घेऊन दुसऱ्या जागेची परवानगी नोव्हेंबरमध्येच घ्यावी.

बुटांविषयी थोडक्यात सांगायचे तर, नवे बूट स्पर्धेच्या किमान तीन आठवडे आधी घ्यावेत आणि ते संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना मापावेत. खिळ्यांचे बूट असतील तर कोरड्या घट्ट जमिनीसाठी 6 मिलिमीटरचे आणि चिखलासाठी 12 मिलिमीटरचे खिळे सोबत असावेत, तसेच ते बदलण्याची किल्लीही दोन ठिकाणी ठेवलेली असावी. सरावानंतर मोजे उलटे करून पाहण्याची सवय लावावी. कुसळ मोज्याच्या विणीत शिरले की बाहेरून दिसत नाही, चालताना टोचत नाही, आणि तिसऱ्या किलोमीटरला पावलाच्या कडेला सुई खुपसल्यासारखे होते. सराटे निदान तळव्यात लगेच कळतात. किटमध्ये चिमटा हवाच.

प्रत्यक्ष धावण्याच्या आराखड्यात आठवड्याचे एकूण अंतर एकदम न वाढवता थोडे थोडे वाढवावे आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करावे. नडगीचे हाड दाबल्यावर एकाच बिंदूवर दुखत असेल तर धावणे त्याच दिवशी थांबवून डॉक्टरांना दाखवावे. आठवड्यातून एकदा चौथ्या, पाचव्या व सहाव्या धावपटूंनी एकत्र, एकमेकांपासून दोन पावलांत राहून 6 किलोमीटर पळावे, आणि पहिल्या दोघांनी त्या दिवशी वेगळा सराव करावा. पुढच्यांच्या मागे फरफटत पळणारा मुलगा शर्यतीतही तिसऱ्या किलोमीटरला सुटतो, तर जोडीने पळणारे मागून माणसे गोळा करत येतात. कोणाची नोकरी कशी आहे याचीही नोंद असावी. यंत्रमागावर रात्रपाळी करून आलेल्या मुलाला पहाटे साडेपाचला मैदानावर बोलावणे म्हणजे त्याला आजारी पाडणे होय. त्याचा सराव संध्याकाळी घ्यावा.

उन्हाबाबत हयगय करू नये. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमधील क्रॉस कंट्री शर्यत प्रचंड उष्म्यात झाली. 38 जण निघाले, 15 जणच अंतिम रेषेपर्यंत पोहोचले, आणि ऑलिंपिकमधील ती शेवटची क्रॉस कंट्री शर्यत ठरली. आपल्याकडील ऑक्टोबरचे ऊन उद्घाटनाच्या भाषणांनंतर अंगावर येते, म्हणून नियोजित वेळ सातची असली तरी नऊला धावण्याची तयारी ठेवावी. नळाला पाणी रोज येत नसल्याने स्पर्धेच्या आदल्या दोन दिवसांचे पिण्याचे पाणी कॅनमध्ये भरून ठेवावे. ओआरएसचे पूर्ण पाकीट एक लिटर पाण्यासाठी असते. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतणे ही मुलांची नेहमीची चूक आहे. एखादा धावपटू असंबद्ध बोलू लागला आणि अंग तापले, तर त्याला आधी सावलीत नेऊन भरपूर पाण्याने व बर्फाने थंड करावे आणि मग रुग्णालयात हलवावे. हा क्रम उलटा होऊ नये.

आहारात आदल्या रात्री वरण-भात, भाकरी, साधी भाजी चालेल. शेंगा चटणी आणि झणझणीत रस्सा शर्यत संपल्यानंतरसाठी राखून ठेवावा, मग कितीही आग्रह होवो. सकाळचे खाणे, म्हणजे केळी किंवा थोडे पोहे, शर्यतीच्या अडीच-तीन तास आधी व्हावे. खोकल्याचे औषध, सर्दीची गोळी किंवा व्यायामशाळेतील पावडर शिक्षकांना दाखवल्याशिवाय कोणी घेऊ नये. खोकल्याच्या अनेक औषधांत असणारे टर्ब्युटालिन हे उत्तेजकविरोधी नियमांनुसार प्रतिबंधित द्रव्य आहे, आणि ‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर तेथे ग्राह्य धरले जात नाही.

स्पर्धेच्या दिवशी मैदानावर दीड तास आधी पोहोचावे आणि संपूर्ण संघाने मार्गाची एक फेरी चालत पूर्ण करावी. पहिले वळण सुरुवातीपासून किती अंतरावर आहे आणि तेथे वाट किती अरुंद होते, हे चौथ्या धावपटूला तोंडपाठ असले पाहिजे, कारण गर्दीत अडकतो तो तोच. छातीवरील क्रमांकाला चार सेफ्टी पिना लावाव्यात, चारही कोपऱ्यांना. दोन पिनांवर लावलेला कागद वाऱ्याने उलटतो आणि अंतिम रेषेवर टिपणाऱ्याला आकडा दिसत नाही. धावून आलेल्या मुलाला लगेच बसू देऊ नये, त्याला मिळालेले क्रमांकाचे कार्ड आधी ताब्यात घ्यावे आणि चौघांची बेरीज स्वतःच्या वहीत करून निकालपत्रकाशी ताडून पाहावी. आक्षेप नोंदवण्याची मुदत थोडी असते, त्यामुळे ही बेरीज छायाचित्रांच्या आधी.

परतताना जर्सी मोजून घ्याव्यात, खिळ्यांच्या बुटांतील माती ओली असतानाच काडीने काढावी, आणि जिमखान्याच्या कपाटाची किल्ली ज्याच्याकडून घेतली त्यालाच परत द्यावी.