मराठी वेबसाइटवर हेल्व्हेटिका वापरताना

हेल्व्हेटिका हा इंग्रजी फॉन्ट १९५७ साली स्वित्झर्लंडच्या हास या टाइप घडवणाऱ्या फाउंड्रीत माक्स मीडिंगर आणि एडुआर्ड होफमान यांनी घडवला. आजचं नाव त्याला १९६० मध्ये मिळालं. त्याच्या जोडीला कोणता इंग्रजी फॉन्ट शोभेल यावर पुष्कळ लिहिलं जातं. पण लातूरच्या आडत दुकानाची किंवा पैठणच्या विणकरांची साइट करताना बहुतेक मजकूर मराठी असतो, आणि हेल्व्हेटिकाच्या नेहमीच्या फाइलीत देवनागरी नसतेच. म्हणून आधी देवनागरी फॉन्ट पक्का करा, मग त्याच्या शेजारी हेल्व्हेटिका बसवा.

फॉन्ट निवडताना ही ओळ ब्राउझरमध्ये टाकून पाहा: किल्लारी, शिरूर अनंतपाळ, औंढा नागनाथ, शेतकऱ्यांना. किल्लारीतला जोड ल आणि शिरूरचा श मराठी वळणाचे येतात का ते बघा. पानाच्या एचटीएमएल टॅगमध्ये भाषा 'एमआर' अशी नोंदवली नाही, तर फॉन्टमध्ये मराठी रूपं असूनही हिंदी वळणाचा ल दिसू शकतो. 'शेतकऱ्यांना' ऐवजी 'शेतकर्यांना' उमटलं, तर दोष फॉन्टचा नाही, टायपिंगचा आहे. मजकूर दुरुस्त करा.

मुक्ता हा मोफत फॉन्ट हेल्व्हेटिकाजवळ चांगला बसतो. पानाचं रूप ठरवणाऱ्या सीएसएसच्या फॉन्ट-फॅमिलीत (फॉन्टच्या यादीत) ब्राउझर प्रत्येक अक्षरासाठी ते असलेला पहिला फॉन्ट घेतो, म्हणून क्रम असा ठेवा: हेल्व्हेटिका न्यू, हेल्व्हेटिका, एरियल, मुक्ता, शेवटी सॅन्स-सेरिफ (यंत्रातला टोकांना रेघा नसलेला कोणताही साधा फॉन्ट). मुक्तामध्ये इंग्रजी अक्षरंही आहेत. तो पहिला लिहिला तर हेल्व्हेटिका कधी दिसणारच नाही. वरच्या क्रमाने विंडोजवर सहसा एरियल येईल, अँड्रॉइडवर रोबोटो. सगळीकडे हेल्व्हेटिकाच हवा असेल तर वेबफॉन्टचा परवाना विकत घ्यावा लागतो, संगणकावर वापरायचा परवाना त्याला चालत नाही. तेवढा खर्च परवडत नसेल तर इंटर हा मोफत फॉन्ट वापरा.

मुक्ताच्या फॉन्ट-फेसमध्ये (फॉन्टची फाइल जोडणाऱ्या सीएसएसच्या नियमात) युनिकोडचा, म्हणजे अक्षरांच्या क्रमांकांचा, ०९०० ते ०९७एफ हा देवनागरीचा पट्टा देताना २००सी आणि २००डी हे अदृश्य जोडकही घाला. काही कीबोर्ड ऱ्याचा अर्धा र २००डी वापरूनच टाइप करतात, आणि तो पट्ट्याबाहेर राहिला तर अक्षर तुटण्याचा धोका असतो.

आता माप. हेल्व्हेटिकाची छोटी अक्षरं उंच आहेत, त्यामुळे तेवढ्याच पिक्सेलमध्ये शेजारची देवनागरी बारीक वाटते. मुक्ताच्या फॉन्ट-फेसमध्ये साइज-अ‍ॅडजस्ट १०५ टक्के देऊन सुरुवात करा आणि शिरोरेषा इंग्रजी कॅपिटलच्या माथ्याच्या जरा खाली, छोट्या अक्षरांच्या जरा वर येईपर्यंत वाढवा. हे डोळ्यानेच ठरवायचं.

ओळींतलं अंतर मजकुराला १.६ ते १.७ ठेवा. शीर्षकाला इंग्रजी सवयीने १.१ दिलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या 'औंढा'च्या मात्रांवर आणि अनुस्वारावर आदळतो, १.३च्या खाली जाऊ नका. हेल्व्हेटिकाच्या मोठ्या शीर्षकात अक्षरं जवळ ओढायची पद्धत आहे. ते लेटर-स्पेसिंग फक्त इंग्रजी मजकुरापुरतं ठेवा. देवनागरीत ते वाढवलं तर शिरोरेषेचे तुकडे होतात, कमी केलं तर अक्षरं एकमेकांत घुसतात. तिरका टाइपही मराठीत नको, ब्राउझर अक्षरं नुसती ढकलून वाकडी करतो; ते थांबवायला सीएसएसमध्ये फॉन्ट-सिंथेसिस बंद करा.

लांब लेखांसाठी सेरिफ, म्हणजे जाड-बारीक रेघांच्या पुस्तकी वळणाच्या फॉन्टची सोबत हवी असेल तर टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट सुरेख आहे. त्यात ठळक वजन (जाडी) नाही, म्हणून शीर्षकं मुक्ताच्या ७०० वजनात घ्या.

हेल्व्हेटिकाची खरी कमाई सोयाबीन-तुरीच्या भावाच्या तक्त्यात दिसते. त्याचे इंग्रजी आकडे सारख्या रुंदीचे आहेत, त्यामुळे उजवीकडे लावलेले क्विंटलचे दर एकाखाली एक नीट येतात. त्या तक्त्यात देवनागरी आकडे मिसळू नका, नाहीतर ते मुक्तातून येतील आणि रांग हलेल. ₹ हे चिन्ह २०१० सालचं आहे, जुन्या हेल्व्हेटिकात ते नाही. ते दुसऱ्याच फॉन्टमधून येऊन जाडसर किंवा बारीक दिसतं. म्हणून प्रत्येक दरापुढे न देता रकान्याच्या मथळ्यात एकदाच 'रुपये प्रति क्विंटल' लिहा.