हिशोबाला बसण्याआधी कॅल्क्युलेटरचा एम, म्हणजे त्याची मेमरी, शून्य केलात का?

आधी एम शून्य करा, मग पुढचं वाचा.

आम्ही चौघं एका फ्लॅटमध्ये राहतो, मार्चचा हिशोब माझ्याकडे होता. दूध, किराणा, इंटरनेट, मावशींचा पगार, सगळ्या चिठ्ठ्या एकेक करून एम प्लसच्या बटणाने मेमरीत चढवल्या, बेरीज काढली, चारने भागली आणि ग्रुपवर आकडा टाकला. तिघांनी दहा मिनिटांत पैसे पाठवले. दोन दिवसांनी एकाने त्याच चिठ्ठ्या फोनवर मांडल्या, तर माझी बेरीज ६४० रुपयांनी जास्त. कुठले हे ६४०? आदल्या आठवड्यात मी माझ्या गाडीच्या पेट्रोलच्या पावत्या त्याच कॅल्क्युलेटरवर मांडल्या होत्या, त्या एममध्ये तशाच बसून राहिलेल्या. माणशी १६० जादा. म्हणजे तीन मित्रांनी मिळून माझ्या गाडीत ४८० रुपयांचं पेट्रोल भरलं. पैसे लगेच परत केले, पण अजून ते गाडीची किल्ली मागतात तेव्हा "आमचंच पेट्रोल आहे" हे ऐकून घ्यावं लागतं.

तर कॅल्क्युलेटर. इंजिनिअरिंग केलेल्या कुठल्याही घरात कॅसिओचा एफएक्स-९९१ एमएस सापडतोच, आमच्याकडे दोन आहेत. खरा प्रोग्रॅमेबल परीक्षेत चालत नाही म्हणून तो कोणी घेतला नाही, पण लाइट बिलाच्या वाटणीपुरतं ९९१ चं कॅल्क बटण पुरतं, सूत्र एकदा लिहायचं आणि आकडे बदलत राहायचे. फोन नको, मधेच मेसेज येतात. कागद, पेन, बिलं हे सांगायला नको.

कोण किती दिवस घरात होतं ती हजेरी मात्र बिल येण्याआधी लिहून काढा. बिल समोर आलं की प्रत्येकाला आपण गावी जास्त दिवस होतो असं आठवायला लागतं. आम्ही दुधाचा खाडा लिहितो त्याच कॅलेंडरवर कोण नाही ते खुणेने टाकतो. एप्रिलमध्ये दोघं पूर्ण ३० दिवस, एक २१, एक १६, मिळून ९७ माणूस-दिवस. पाहुणा आला तर त्याचे दिवस ज्याचा पाहुणा त्याच्या नावावर. यावर वाद घालू नका, घातला की पाहुणे यायचे बंद होतात.

मग लाइट बिलाचे दोन भाग करा. स्थिर आकार वापरावर नसतो, घर बंद ठेवलं तरी तो येतो, म्हणून तो चौघांत सारखा. आमच्या बिलात तो १३०, त्यावर १६ टक्के वीज शुल्क, मिळून १५१. एकूण बिल २५५०, म्हणजे उरलेले २३९९ वापराचे. ते दिवसांवर वाटायचे. १०० युनिटच्या पुढे दर चढतो, मग तो चढवला कोणी, गीझरवाल्याने की रात्रभर पंखा लावणाऱ्याने, यात आम्ही पडत नाही. बिलात मागची थकबाकी असेल तर ती आधी बाजूला काढा, ती त्या महिन्याच्या माणसांची.

एम शून्य केलात? पडद्यावर वरच्या बाजूला बारीक एम दिसत असेल तर नाही केलात. पडदा पुसणारं एसी बटण दाबून तो जात नाही. बंद करून चालू केलात तरी जात नाही, तसा जातो असा विश्वास ठेवून मी बसलो होतो. ० दाबा, मग शिफ्ट, मग आरसीएल (त्याच्यावर एसटीओ लिहिलेलं आहे), मग एम प्लस. बारीक एम गेला पाहिजे. गेला हे डोळ्यांनी बघा.

आता सूत्र. ए म्हणजे वापराचे पैसे, बी स्थिर, सी एकूण दिवस, डी ज्याचा वाटा काढताय त्याचे दिवस. अक्षरं अल्फा बटण दाबून येतात. लिहायचं असं: ए × डी ÷ सी + बी ÷ ४. गुणाकाराचं चिन्ह गाळायचा आळस करून ए ÷ सीडी असं लिहू नका. हे यंत्र आधी सी आणि डीचा गुणाकार करतं आणि मग त्याने भागतं. मी करून बघितलं, महिनाभर घरात राहिलेल्या माणसाचा वाटा आला ३८ रुपये ५७ पैसे. तो खूश होता.

कॅल्क दाबलं की यंत्र एकेका अक्षराची किंमत विचारतं. जुनी किंमत पडद्यावर दिसते, बरोबर असेल तर नुसतं बरोबरचं चिन्ह दाबून पुढे जायचं. इथेही तोच धोका आहे बरं का, मागच्या महिन्याचा सी दिसतो आणि हात सवयीने पुढे जातो. पहिल्या माणसाला चारही किंमती नव्याने भरा, नंतर फक्त डी बदला. उत्तर लगेच कागदावर. मधे दुसरं काहीही करायचं नाही, दुसरी आकडेमोड सुरू केली, मोड बदलला किंवा यंत्र बंद झालं की सूत्र पुसलं जातं. सहाएक मिनिटं हात लावला नाही तर ते आपोआप बंद होतं, तेव्हा चहा आधी पिऊन घ्या. गंमत बघा, जे राहायला हवं ते सूत्र सहा मिनिटांत जातं आणि जे जायला हवं ते पेट्रोल आठवडाभर राहतं.

एप्रिलचे आले ७८०, ७८०, ५५७, ४३३. चारही सरळ अधिक चिन्हाने मिळवून बघा, २५५० आलेच पाहिजेत. रुपया इकडेतिकडे झाला तर हिशोब करणाऱ्याने सोसायचा.

बाकीचं भराभर. भाडं, इंटरनेट, मावशी माणशी सारखं. सिलिंडर संपेल तेव्हा, महिन्याशी त्याचा संबंध नाही. मासे खाणाऱ्यांचे मासे वेगळे. बाहेरचं जेवण टीटीएमएम, ते यात घेऊच नका.

किराण्याच्या चिठ्ठ्या एम प्लसनेच चढवणार असाल तर त्याआधी पुन्हा एकदा शून्य करा. हो, मघाशी केलं होतंत तरी. एखादी चिठ्ठी दोनदा चढली तर शिफ्ट आणि एम प्लस, वजा होते.

आकडे ग्रुपवर, बिलाचा फोटो सोबत. यूपीआयच्या नोटमध्ये महिना लिहायला सांगा. कॅल्क्युलेटर खणात ठेवताना वरचा बारीक एम बघा, मी आज सकाळी बघितला तर होता.