इम्प्लांट बसवलंय? मग या चुका टाळा

"डॉक्टर, टायटॅनियमची दाढ आहे, तिला काय होणार?" दर आठवड्याला कुणी ना कुणी हे विचारतंच. इम्प्लांट म्हणजे गेलेल्या दाताच्या जागी हाडात बसवलेला टायटॅनियम धातूचा स्क्रू आणि त्यावर दातासारखी कॅप. टायटॅनियमला कीड लागत नाही, कबूल. पण भोवतालची हिरडी आणि खालचं हाड तुमचंच आहे ना? आजार तिथे होतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे दुखण्याची वाट बघणं. मागच्या पावसाळ्यात एक निवृत्त एसटी कंडक्टर आले. खालच्या दाढेच्या जागी इम्प्लांट, सहा वर्षांपूर्वीचं. ब्रश करताना रक्त यायचं म्हणून त्यांनी त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं होतं. दोन वर्षं नुसती बोटाने मशेरी! हिरडी हलकेच दाबली, तर कॅपच्या कडेने पिवळा पू वर आला. दुखत मात्र काहीच नव्हतं. एक्स-रेत स्क्रूचे पाच आटे हाडाबाहेर उघडे पडलेले दिसले. शेवटी ते इम्प्लांट काढावंच लागलं. फार वाईट वाटलं, कारण पहिल्यांदा रक्त दिसलं तेव्हाच आले असते तर बहुतेक वाचलं असतं.

आपल्या दाताच्या मुळात हिरडीचे तंतू रुतलेले असतात. इम्प्लांटभोवती ते नुसता वेढा घालून असतात, रक्तपुरवठाही कमी. म्हणून सूज चटकन हाडापर्यंत उतरते. ती हिरडीपुरती आहे तोवर नीट सफाईने बरी होते. झिजलेलं हाड मात्र आपोआप भरून येत नाही. तेव्हा रक्त आलं तर मऊ ब्रशने तिथेच, सावकाश घासा आणि त्याच आठवड्यात दाखवा.

दुसरी चूक पेशंटची नाही, आम्हा डॉक्टरांची. कॅप चिकटवताना जास्तीचं सिमेंट हिरडीखाली सरकतं आणि घाईत तिथेच राहतं. कण ज्वारीच्या दाण्याहून लहान, पण वर्षानुवर्षं हिरडी सुजवत ठेवतो. मी शक्यतो स्क्रूनेच बसणारी कॅप घेतो. सिमेंट वापरलंच तर पेशंट खुर्चीतून उठायच्या आत एक्स-रे. तुमची कॅप कशी बसवली आहे, हे बिनधास्त विचारा.

हिरड्यांचा जुना आजार बरा न करता "आधी दात बसवा, बाकीचं नंतर" म्हणणाऱ्यांना मी सरळ परत पाठवतो. ज्या आजाराने दात गेला, तोच इम्प्लांटही घालवतो.

तंबाखू, मशेरी, सिगारेट : बंद.

रक्तातली साखर ताब्यात नसेल तर आधी ती ताब्यात आणा.

टूथपिकने कोरू नका. फटीत जाणारा छोटा ब्रश घ्या, त्याची तार प्लास्टिकचं आवरण असलेली हवी. आरशासमोर तो स्वतः फिरवून दाखवल्याशिवाय मी कुणाला घरी सोडत नाही.

तपासणी सहा महिन्यांनी. हिरड्यांचा आजार होऊन गेला असेल तर तीन. कॅप बसवली त्या दिवशीचा एक्स-रे मागून घ्या, हाड किती उतरलं ते त्याच्याशीच ताडून कळतं. इम्प्लांटची कंपनी आणि माप लिहिलेल्या कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दहा वर्षांनी दुसऱ्या गावात स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरला नेमका कुठला पाना लागेल, ते त्यावरूनच समजेल.