काइटच्या लाइन्स बदलताना या चुका टाळा

लाइन्सवर लव आली, एखाद्या जागी वीण उसवलेली दिसली, की नव्या लाइन्सचा शोध सुरू होतो. आणि बहुतेक जण शोधतात तो एकच आकडा: तुटायला किती किलो लागतात? आकडा मोठा तर माल चांगला, असा हिशेब. काइटबोर्डिंगमध्ये, म्हणजे मोठ्या पतंगाच्या ओढीने बोर्डवरून पाण्यावर घसरण्याच्या खेळात, काइट ज्या दांडीने हाताळतात त्या बारसाठी हा हिशेब अपुरा आहे. चार लाइन्सनी भाराखाली एकमेकींच्या बरोबरीत राहणं, हे त्यांचं खरं काम. लाइन तुटण्याचे प्रसंग क्वचित येतात, पण लाइन्स कमी-जास्त ताणल्या गेल्यामुळे नीट न उडणारे काइट पुष्कळ दिसतात. त्यामुळे आधी ‘किती ताणली जाते’ हे विचारा, ‘कितीला तुटते’ हे नंतर.

जाड म्हणजे सुरक्षित, हा समज

बारच्या फ्रंट लाइन्स (काइटच्या पुढच्या कडेला जाणाऱ्या दोन) साधारण 300 ते 500 किलोच्या असतात, बॅक लाइन्स (मागच्या कोपऱ्यांना जाणाऱ्या दोन) त्याहून थोड्या हलक्या चालतात. कारण काइटचा बहुतेक भार फ्रंट लाइन्सवर येतो, बॅक लाइन्सचं काम मुख्यतः वळवण्याचं. हा फरक मुद्दाम ठेवलेला असतो. ‘चारही सारख्याच जाड घेऊ, काळजी मिटली’ असं म्हणून 1.9 मिलिमीटरची लाइन सगळीकडे लावली, तर काय होतं ते मोजून पाहा. 24 मीटरच्या चार लाइन्स म्हणजे 96 मीटर. वाऱ्यासमोर त्यांचं क्षेत्रफळ भरतं सुमारे 1,820 चौरस सेंटीमीटर. तेच 1.3 मिलिमीटरच्या लाइन्सचं होतं सुमारे 1,250. शिवाय लाइनचा काइटजवळचा भाग हवेतून सर्वांत वेगाने फिरतो, त्यामुळे ओढही तिथेच जास्त बसते. हलक्या वाऱ्यात जाड लाइन्सना पोट येतं, बार फिरवला तरी काइट उशिरा ऐकतो. मग दोष काइटला दिला जातो.

उलट टोकही बरं नाही. अगदी बारीक लाइन लवकर झिजते, गुंतली की सोडवताना जीव काढते आणि बोटांना किंवा पायाला गुंडाळली गेली तर खोल कापते. बार बनवणाऱ्याने दिलेल्या जाडीच्या आसपास राहा.

‘डायनिमा आहे ना, मग झालं’

माझ्या मते सर्वांत महागात पडणारी चूक हीच. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा हे धाग्याचं नाव आहे, लाइनचं नाही. एकाच धाग्यापासून मासेमारीची दोरी होते, शिडाच्या होडीचा दोर होतो आणि काइटची लाइनही होते; तिघांचं वागणं मात्र वेगळं. धागा स्वतः फार कमी ताणला जातो, अगदी तुटेपर्यंत जेमतेम साडेतीन टक्के. पण धाग्यांची वीण सैल असेल तर भार आल्यावर ती आवळत जाते आणि लाइन लांबते. ही वाढ परत जात नाही. म्हणूनच काइटच्या चांगल्या लाइन्स घट्ट विणून, उष्णता देऊन भाराखाली ताणलेल्या असतात. पाकिटावर ‘प्री-स्ट्रेच्ड’ किंवा ‘हीट-सेट’ लिहिलेलं शोधायचं ते याचसाठी.

24 मीटरवर 0.2 टक्के वाढ म्हणजे जवळपास 5 सेंटीमीटर. फ्रंट आणि बॅक लाइन्समध्ये एवढा फरक पडला तरी हलक्या वाऱ्यात काइट मागे पडू लागतो. होडीचा सैल विणीचा दोर सुरुवातीला याच्या कितीतरी पट लांबतो. त्यातून डायनिमाच्या गाभ्यावर पॉलिएस्टरचं कव्हर असलेला दोर असेल, तर ते कव्हर भार फारसा उचलत नाही, पाणी मात्र शोषतं. मासेमारीची दोरी कागदावर मजबूत असते. पण ती या कामासाठी ताणून बसवलेली नसते, अतिशय बारीक असते आणि गुंता झाला की सुटत नाही.

माल खरा आहे का याची शंका असेल तर छोटा तुकडा पाण्यात नीट भिजवून, हवेचे बुडबुडे काढून सोडा. डायनिमाची घनता 0.97, म्हणून तो तरंगतो. नायलॉन, पॉलिएस्टर आणि केव्हलार बुडतात. तरंगला म्हणजे खात्री झाली असं मात्र नाही, कारण पॉलिप्रॉपिलीनही तरंगतं. पण बुडाला तर विषय तिथेच संपला.

केव्हलारची लाइन लावायचा मोह काहींना होतो. लावू नका. ती उन्हाने कमकुवत होते, वारंवार दुमडल्याने मोडते, आणि डायनिमाच्या लाइनवर घासली तर तिला कापते. नायलॉन आणि पॉलिएस्टर इतके ताणले जातात की त्यांचा विचारही नको.

एकच लाइन बदलणं

डावी बॅक लाइन खराब झाली, म्हणून तेवढीच नवी लावली. जुनी उजवी लाइन वापरून वापरून बसलेली, नवी अजून बसायची आहे. काही दिवसांत दोघींची लांबी वेगळी. काइट सतत एका बाजूला ओढत राहतो. निदान जोडी बदला, आणि दोन्ही लाइन्स एकाच रिळातून, एकाच दिवशी तयार करा. जमत असेल तर चारही बदलणं उत्तम.

टोकं घाईत करणं

नवी, महागडी लाइन आणून तिच्या टोकाला साधी गाठ मारली, की तिची ताकद निम्म्यावर येऊ शकते. हा धागा गुळगुळीत असल्याने साधी गाठ भाराखाली सरकतेही. टोकाला स्लीव्ह (झिजेपासून वाचवणारी विणलेली नळी) चढवून फास शिवून घ्यावा, किंवा वीण परवानगी देईल तिथे स्प्लाइस करावा, म्हणजे टोक लाइनच्याच पोकळ विणीत ओवून दडवावं. बारा पदरी डायनिमासाठी साधारण जाडीच्या 72 पट लांबी आत दडवतात, 1.5 मिलिमीटरच्या लाइनला ती होते जवळपास 11 सेंटीमीटर. घट्ट, कोटिंग असलेल्या लाइनमध्ये सुई शिरत नाही, तिथे शिवणच बरी.

कापताना गरम सुरी किंवा लायटर लाइनपासून लांब ठेवा. डायनिमा सुमारे 150 अंश सेल्सियसला वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी कमजोर होऊ लागतो. धारदार कात्री पुरते. याच कारणाने ताणलेली एक लाइन दुसरीवर जोरात घासली, तर ती काही क्षणांत कापली जाऊ शकते.

लांबी मोजायची ती फास शिवून झाल्यावर, आणि भाराखाली. जोडीतली दोन्ही टोकं एकाच खिळ्याला अडकवा, दुसऱ्या टोकाला हुकाचा वजनकाटा लावून दोन्हींना सारखा ताण द्या. हाताच्या अंदाजाने ओढून घेतलेलं माप फसवतं.

लावून झाल्यावर काही बिनसलं तर

चारही लाइन्स एका भक्कम खांबाला अडकवा, ट्रिम (फ्रंट लाइन्सची लांबी कमी-जास्त करणारी पट्टी किंवा दोरी) पूर्ण उघडा, बार माहितीपत्रकात सांगितलेल्या जागी ओढा आणि मागे झुकून भार द्या. बार सरळ यायला हवा.

काइट वर जाऊन मागच्या मागे कोसळत असेल तर बॅक लाइन्स आखूड आहेत, किंवा फ्रंट लाइन्स ताणून लांब झाल्या आहेत. परिणाम एकच, काइट कायम ओढलेला राहतो. बार पूर्ण ओढूनही काइट वळायला आळस करत असेल तर बॅक लाइन्स लांब आहेत. बार मध्यावर असताना काइट एका बाजूला जात असेल तर डाव्या-उजव्यात फरक आहे. तो काही मिलिमीटरचा असेल तर सोडून द्या. दोन सेंटीमीटर असेल तर नाही.

पहिल्या एक-दोन सेशननंतर पुन्हा मोजा. दोन्ही फ्रंट लाइन्स सारख्याच वाढल्या असतील, तर लीडर लाइनवरची, म्हणजे लाइनच्या टोकाला जोडलेल्या छोट्या जाड दोरीवरची, गाठ एक घर सरकवली की काम झालं. पण जोडीतली एकच वाढली असेल, तर बहुधा तिच्या टोकाची शिवण किंवा स्प्लाइस सरकते आहे. ती लाइन उतरवा, स्लीव्ह मागे सारा आणि आत पाहा.